मागासोबत जाणारे साहित्य

नियमावलीतलं अकरावं कलम भागीरथाला वाचून दाखवण्यात आलं तेव्हा ती चुलीवर तांदळाची खळ ढवळत होती. खळ ढवळताना हात थांबला तर गुठळ्या होतात आणि सूत चिकटतं, म्हणून तिनं हात थांबवला नाही. कलम असं होतं की, परदेशी सेवेसाठी जाणाऱ्या सेवकानं आपली सहा वर्षांवरील मुलं उष्ण देशाच्या हवेत नेऊ नयेत. त्यांची सोय स्वदेशात, एखाद्या चांगल्या बोर्डिंगात करावी.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

ख्रिस्ती मंडळीच्या परदेश कमिटीचे सेक्रेटरी गणपतराव यांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनात कलम मवाळ होईल अशी आशा त्यांनाही असावी. झालं नाही.

"म्हणजे लतिका आन् जयवंता इथं, आन् आम्ही तिथं?"

"बाबन येणार ना तुमच्याबरोबर. अडीच वर्षांचा आहे. तो कलमात बसतो."

"तो कुठंही बसते," भागीरथा म्हणाली. बाबन त्या वेळी सुताच्या टोपलीत बसला होता.

हे कलम खरं म्हणजे गोऱ्या मुलांसाठी लिहिलेलं. विलायतेच्या थंडीत जन्मलेली ती गुलाबी मुलं नागपूरच्या मे महिन्यात लोण्यासारखी वितळत, म्हणून सहा वर्षांची झाली की त्यांना बोटीत बसवून आपल्या थंड देशी परत पाठवत. पुढं स्वराज्य आलं, मंडळीचा कारभार आपल्या लोकांच्या हाती आला, आणि आपल्या लोकांनी पहिल्याच सभेत जुनी नियमावली एका मात्रेचाही फरक न करता एकमतानं मंजूर केली. त्यामुळे १९५५ साली असं ठरत होतं की, नागपूरच्या दोन मुलींना उष्ण हवेपासून वाचवण्यासाठी नागपुरात ठेवायचं. त्यांचे आईबाप जिथं निघाले होते ते आफ्रिकेत, टांगानिकातलं डोंगरावरचं गाव होतं. तिथून आलेल्या पत्रात, येताना जाड घोंगड्या आणाव्यात, असं दोनदा लिहिलं होतं.

ते पत्र आदल्या पावसाळ्यात आलं होतं. तिथल्या मिशनचं म्हणणं असं की आमच्या डोंगराखाली कापूस पिकतो पण कापड बोटीनं येतं, तेव्हा हातमाग शिकवील आणि जमलं तर प्रभूचं वचनही शिकवील असा माणूस धाडा. नागपूरच्या मंडळीला शंभर वर्षांत मिशनरी पुष्कळ मिळाले होते, पाठवला एकही नव्हता. आता आपणही पाठवणार म्हटल्यावर सदर भागातल्या ख्रिस्ती देवळात त्या रविवारी गाणी एक पट्टी वर चढवून म्हटली गेली. मग माणूस शोधायला सुरुवात झाली. मंडळीत मास्तर होते, कंपाउंडर होते, रेल्वेतले कारकून तर बाकंच्या बाकं भरून होते. विणकर एकच निघाला, तांडापेठेतला ईश्वरदास हेडाऊ.

ईश्वरदासच्या बापानं, बाबनराव कोष्ट्यानं, देव बदलला होता, माग बदलला नव्हता. ईश्वरदासला यातलं काहीच बदलावं लागलं नाही. तो मागाच्या खड्ड्यात उतरला की त्याचे फक्त कमरेवरचे भाग जगाला दिसत, आणि तेही बोलत नसत. कमिटीनं त्याला विचारलं, तुम्हाला देवाचं पाचारण ऐकू येतं का? त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, "मी मागावर बसलो म्हणजे मले दुसरं काही ऐकू येत नाही जी." कमिटीनं हे नम्रतेचं लक्षण धरलं आणि त्याला निवडलं.

भागीरथाला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. त्या वेळी पाद्र्यांनी नाव बदलायचं का, असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नाव आधीच नदीचं हाय. आणखी किती पाण्यात घालता?" नाव तेच राहिलं. जाण्याला तिचा नकार नव्हता. उलट घरात जाण्याची खरी उमेद तिलाच होती. एम्प्रेस मिलचा भोंगा रोज सकाळी तांडापेठेत ऐकू यायचा आणि दरसाल एकेक माग बंद पडायचा. ज्या गावात अजून कुणालाच विणता येत नाही तिथं आपण जाणार, या कल्पनेनं तिला मनातून थोडी ऐटच वाटत होती. तिची अडचण फक्त अकरावं कलम ही होती. त्या संध्याकाळी खळ उतरवून ठेवता ठेवता ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊ तर पाचही जाऊ."

"नियम हाय ना वं," ईश्वरदास म्हणाला.

"असू द्या. त्याले इथं बोर्डिंगात ठेवू."

तिच्या या हट्टामागं एक फ्रॉक होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती मिशनच्या बंगल्यावर टॉवेल द्यायला गेली असता मडमेनं तिला विचारलं, तुझ्या गल्लीत आठ वर्षांची एखादी मुलगी आहे का? भागीरथा शेजारची एक पोर घेऊन गेली. मडमेनं त्या पोरीला टेबलावर उभं करून छाती, कंबर, उंची अशी सगळी मापं घेतली. तिची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी विलायतेला गेली होती, तिच्या वाढदिवसाला फ्रॉक धाडायचा होता आणि ती आता केवढी झाली असेल हे तिच्या आईला ठाऊक नव्हतं. म्हणून तांडापेठेतल्या, कण्या खाऊन वाढलेल्या पोरीच्या मापावर साहेबाच्या लेकीचा फ्रॉक बेतला गेला. दोन महिन्यांनी भागीरथानं विचारलं, बसला का? मडम हसून म्हणाली, हातसुद्धा शिरला नाही. हसली, आणि मग आत गेली ती बाहेर आली नाही. टॉवेलांची पोच खानसाम्यानं लिहून दिली. मडम पुढं टायफॉइडनं इथंच वारली. फ्रॉक भागीरथाच्या डोक्यात राहिला.

चार दिवसांनी यमुताई आल्या. त्या बोर्डिंगच्या मुख्य बाई. पांढरं लुगडं, काळी छत्री आणि कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी कोपरे बघायची सवय. त्यांनी कोपऱ्यात रहाटाशी बसलेली सात वर्षांची जयवंता पाहिली आणि ताण्याच्या उभ्या सुतांतला तुटलेला धागा सांधत असलेली नऊ वर्षांची लतिका पाहिली.

"भागीरथा, या मुलींना शिकवायचंय की रहाटाला बांधायचंय?"

"दुपारी म्युनिसिपालटीच्या शाळेत जातात ना बाई. लतिका चौथीत हाय."

"टांगानिकात कुठली शाळा? तिथं मराठी कोण शिकवणार? माझ्याकडे राहतील तर मॅट्रिक होतील, नर्स होतील. वेळेवर जेवण, वेळेवर झोप. मी स्वतः पाच वर्षांची असताना बोर्डिंगात आले. माझं काय वाईट झालं?"

यमुताईंचं काही वाईट झालेलं नव्हतं. त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, गणित उत्तम शिकवत, आणि नाताळच्या सुट्टीतही बोर्डिंगातच राहत, कारण जायला दुसरं ठिकाण नव्हतं. भागीरथानं त्यांना चहा दिला. यमुताईंनी तो उभ्याउभ्याच घेतला.

त्याच आठवड्यात उमरेडहून भागीरथाची आई रुख्माबाई आली. तिला लेकीचा देव मान्य नव्हता, पण कुंचा आणायला ती विसरली नाही. ताण्याला खळ पाजायचा हा कुंचा चांगल्या मुळ्यांचा असावा लागतो, आणि चांगल्या मुळ्या टांगानिकात मिळतील यावर उमरेडमध्ये कुणाचा विश्वास नव्हता.

"तिकडं वाघ हाय म्हणतात," रुख्माबाई म्हणाली.

"वाघ नाही वं माय. सिंह हाय."

"मंग बरं," रुख्माबाई म्हणाली. वाघ तिच्या माहितीचा होता. "आन् पोरी?"

"पोरी संगं येतीन."

"कोण म्हणते?"

"आता मी म्हणून राहिली. कमिटी मागून म्हणंल."

कमिटीनं मात्र तसं काही म्हणण्याची चिन्हं दाखवली नाहीत. तीन अर्ज झाले. लतिकाच्या वळणदार अक्षरात लिहिलेल्या पहिल्या अर्जावर 'नियमानुसार' असा शेरा आला, दुसऱ्यावर 'पूर्वीप्रमाणे', आणि तिसरा परत आला तो शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून. चुका यमुताईंनी दाखवल्या होत्या. लतिकानं त्या दहा वेळा गिरवून काढल्या. मग फेब्रुवारीच्या वार्षिक सभेची तारीख ठरली आणि गणपतराव पुन्हा तांडापेठेत आले. आपण कशासाठी प्रार्थना करतो हे मंडळीला दिसावं, म्हणून ईश्वरदासनं सभेच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, सर्वांसमोर माग चालवून दाखवावा असं ठरलं होतं.

भागीरथानं नेहमीप्रमाणे खळ ढवळत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग पोरीले त्याच दिवशी सकाळी बोर्डिंगात आणून घालते. यमुताईले सांगा."

गणपतरावांचा चेहरा उजळला. ते मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त नियम मोडायची भीती वाटायची, आणि लोकांनी नियम आपणहून पाळले की ते मनापासून आनंदी होत. ते गेल्यावर ईश्वरदासनं खड्ड्यातून मान वर केली.

"काय वं, मानलं तू?"

"मी कुठं मानलं? पोरी बोर्डिंगात, तुम्ही मागावर. तिकडं जसं राहीन तसं इथं एक दिवस करून पाहू."

ईश्वरदासला यात गैर काही दिसलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि धोटा पुन्हा इकडून तिकडं पळू लागला. धोट्यात सुताची कांडी असते. ती दहा-बारा मिनिटांत संपते. संपली की ईश्वरदास मागाकडून नजर न काढता डावा हात बाजूला पसरायचा आणि त्या हातात भरलेली कांडी पडायची. कारण डाव्या हाताला रहाटाशी जयवंता बसलेली असायची. आधी तिथं लतिका बसायची, त्याआधी भागीरथा. हा हात कधी रिकामा परत आलेला नव्हता, त्यामुळे कांड्या कुठून येतात याचा विचार ईश्वरदासनं आयुष्यात केला नव्हता. अशा गोष्टींचा विचार विणकर करत नाहीत. करायला लागले तर विणून होत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी मिशन शाळेच्या मातीच्या व्हरांड्यात मागासाठी खड्डा खणला. चौकीदारानं येऊन हळू आवाजात विचारलं, कोण वारलं? कुणी वारलं नाही हे कळल्यावर त्यानं स्वतः फावडं घेतलं आणि खड्डा सरळ करून दिला. संध्याकाळपर्यंत माग उभा राहिला, ताणा चढला, वीतभर कापडही विणून झालं. सकाळी भागीरथानं मुलींना वेण्या घालून बोर्डिंगात नेलं. जयवंता रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आज बाबाले कांड्या कोण भरून देईन?"

"तेच पाहाचं हाय," भागीरथा म्हणाली.

यमुताईंनी दोघींना पांढरे फ्रॉक दिले, भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. दुपारी दोन ते चार विश्रांती, बोलायचं नाही, उठायचं नाही. दार लागलं. भागीरथा कुंपणापर्यंत आली आणि तिथं थोडा वेळ उभी राहिली. पंचवीस पावलांवर शाळेचा व्हरांडा होता. पंचवीस पावलंसुद्धा तिला पुष्कळ वाटली, आणि मग तिला समुद्राचा अंदाज आला. तिनं पदर खोचला आणि निघाली.

व्हरांड्याच्या पायरीवर गणपतरावांनी विचारलं, "सगळी तयारी झाली ना?"

"नियमात बसंल तेवढी झाली," ती म्हणाली. टोपलीत तीन कांड्या होत्या.

दोन वाजता पुलाव खाऊन तृप्त झालेली मंडळी व्हरांड्यासमोर बसली. पुढच्या रांगेत कमिटी, कमिटीच्या मधोमध म्हातारे साहेब. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी एवढेच आता उरले होते. उन्हाळ्यात तेही कायमचे विलायतेला जाणार होते. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की मंडळीतल्या लोकांना ते समजायला वेळ लागे. फ्रॉकवाल्या मडमेचे यजमान ते हेच.

प्रार्थना झाली, गाणं झालं आणि ईश्वरदास खड्ड्यात उतरला. धोटा पळू लागला तशी मंडळी खूश झाली. मागच्या रांगेतल्या कुणीतरी "आपला ईश्वरदास बघा गा!" असं म्हणून टाळीही वाजवली. वीतभर लाल काठाचं कापड पुढं सरकलं. पहिली कांडी संपली, भागीरथानं बसल्याबसल्या टोपलीतली पुढची दिली, दुसरी संपली. भागीरथा भिंतीला टेकून, बाबनला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याशेजारी, ईश्वरदासच्या डाव्या हाताला, रहाट होता आणि रहाटाशी कुणी नव्हतं.

तिसरी कांडी संपली.

ईश्वरदासनं नजर न हलवता डावा हात बाजूला पसरला. हात तसाच राहिला. मंडळी पाहत होती. काहींना वाटलं प्रार्थनेचा भाग असेल, त्यांनी डोळे मिटले.

"कांडी," ईश्वरदास म्हणाला.

हात पसरलेलाच होता. मग त्यानं मान वळवली आणि रहाटाशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिकडं नीट पाहिलं असावं.

गणपतराव उठून भागीरथाकडे वाकले. "भरून द्या ना एखादी."

"मांडीवर लेकरू हाय सेक्रेटरीसाहेब. उठवलं तर रडंल. आन् तिकडं मी पाजण करू, सूत उकलू का कांड्या भरू?"

"बरं बरं. मी भरतो," गणपतराव म्हणाले. आजवर त्यांनी नियमाबाहेर केलेली बहुधा हीच पहिली गोष्ट. ते धोतर सावरून रहाटाशी बसले आणि चाक फिरवलं. सूत कांडीवर न जाता त्यांच्या बोटावर गेलं, तिथून मनगटावर, आणि थोडं चष्म्याच्या काडीवर. मागच्या रांगेत हशा पिकला. सभेत शांतता राखावी असं सांगण्याचं काम सेक्रेटरींचंच असल्यामुळे ते कुणी सांगितलं नाही.

"सरका," यमुताई म्हणाल्या. त्यांनी गणपतरावांना सोडवलं, बैठक मारली आणि गणिताच्या काटेकोरपणानं चाक फिरवलं. धागा तुटला. सांधला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यांनी छत्री उचलली आणि भागीरथाकडे पाहिलं.

"हे तू मुद्दाम केलंस."

"मी काहीच नाही केलं बाई. कलमात लिहिलं तेवढंच केलं. पोरी तिकडं, आम्ही इकडं, आन् माग मधात." तिनं बाबनला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तुम्ही माणूस पाठवून राहिले टांगानिकाले. माग एका माणसाचा नसते. तिथल्या लोकाले काय दाखवतीन हे? हात असा पसरून बसतीन?"

ईश्वरदासचा हात अजून खाली आलेला नव्हता. त्यानं तो आता हळूच मांडीवर घेतला. आणि मग ज्याला पाचारण ऐकू येत नाही म्हणून निवडलं होतं तो माणूस भरसभेत आपणहून बोलला.

"माह्या पोरी आणा जी," तो म्हणाला.

"विश्रांतीची वेळ आहे," यमुताई म्हणाल्या. वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनी स्वतःच ते ऐकलं. मग त्या छत्री तिथंच टाकून निघाल्या आणि उन्हात, बिनछत्रीच्या, ती पंचवीस पावलं भराभर चालत गेल्या. बोर्डिंगातल्या मुलींनी बाईंना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

पांढऱ्या फ्रॉकांत दोघी आल्या. जयवंतानं गणपतरावांनी करून ठेवलेल्या गुंत्याकडे पाहून "बाप्पा!" एवढंच म्हटलं. लतिका खाली बसली, दातांनी गुंता तोडला, टोक काढून दिलं. जयवंतानं मांडी ठोकली, रहाट फिरला आणि ईश्वरदासनं नजर मागाकडे वळवून हात पसरला. कांडी हातात पडली. टाळ्या मघापेक्षा जास्त वाजल्या. धोट्याच्या ठोक्यावर मागच्या रांगेनं गाणं धरलं, तेव्हा बाबन जागा झाला आणि रडू लागला. कुणाला ऐकू आलं नाही.

साहेब मात्र मागाकडे पाहत नव्हते. ते जयवंताच्या फ्रॉककडे पाहत होते. तो तिला बराच मोठा होत होता. बोर्डिंगचे फ्रॉक अंदाजानं शिवलेले असत.

"माझ्या दोन्ही कन्यांस मी स्वतः बोटीत बसविले," ते हळू म्हणाले. शेजारच्यांना पुढं वाकावं लागलं. "आठ वर्षांनी भेट झाली तेव्हा ज्येष्ठ कन्येने माझ्याशी हस्तांदोलन केले. तिची काहीच चूक नव्हती." मग म्हणाले, "गणपतराव, हे कलम आपणांस कोणी दिले?"

"आपणच, साहेब."

"होय. ते परत घेता येईल काय?"

गणपतरावांच्या हातात नियमावली होतीच. कलम बदलायचं तर तीन महिन्यांची नोटीस हवी, दोन-तृतीयांश मतं हवी, आणि मग प्रांताच्या कचेरीची मंजुरी. बोट मे महिन्यात होती. त्यांनी हे सगळं सांगितलं आणि त्यांना स्वतःलाच त्याचं वाईट वाटलं. एक धागा अजून त्यांच्या चष्म्याच्या काडीवर होता.

"कलम नका बदलू," भागीरथा म्हणाली. ती आता उठून कमिटीच्या टेबलाशी आली होती. "तुमच्या कागदात माग लिहिला हाय ना? बोटीनं जाणारा?"

"लिहिलाय. 'हातमाग, एक.'"

"नुसता माग कुठं जाते? त्याच्यासंगं काय काय जाते ते लिहा."

गणपतरावांनी नवा कागद घेतला. लिहिण्यासारखं काही असलं की त्यांना धीर येई. भागीरथा सांगत गेली. फणी दोन, धोटे चार, रहाट एक, उमरेडचा कुंचा एक.

"आन् मुली दोन."

टाक थांबला. गणपतरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब व्हरांड्याच्या कौलांकडे पाहत होते, बहुधा कौलं मोजत होते. त्यांनी यमुताईंकडे पाहिलं.

"आणि पुस्तकं," यमुताई म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "पाचवीपासूनची सगळी. तेही साहित्यात लिहा. दरवर्षी मी परीक्षेचे पेपर पाठवीन. सोडवून परत आले पाहिजेत. नापास झालेलं मला चालणार नाही, भागीरथा."

"झाल्या तर तुम्ही या तिकडं छडी घेऊन. जागा करून ठेवतो आम्ही."

यमुताईंनी छत्री शोधायला सुरुवात केली. छत्री त्यांच्या पायाशीच होती.

अशा रीतीनं अकरावं कलम अभंग राहिलं आणि आजही कुठंतरी असेल. ठरावाच्या परिशिष्टात मात्र 'मागासोबत जाणारे साहित्य' या मथळ्याखाली फणी, धोटे, रहाट, कुंचा, पुस्तके आणि मुली असा क्रम आहे, आणि खाली सही साहेबांची आहे.

मे महिन्यात, नागपूरच्या स्टेशनावर बोट टेकवलं तर लोखंड चटका देत होतं अशा दुपारी, पाच जणं मुंबईच्या गाडीत बसली. सगळ्यांच्या अंगाखाली घोंगड्या होत्या. घोंगड्या पाहून डब्यातले लोक थोडे लांब सरकले, त्यामुळे बसायला ऐसपैस जागा मिळाली. रुख्माबाई फलाटावर उभी राहून गाडी सुटेपर्यंत कुंच्याचीच चौकशी करत होती. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि कुंचा हा एकच विषय तिला रडवणारा नव्हता. गाडी हलली तसा तोही रडवणारा निघाला.

मुंबईच्या धक्क्यावर सामान तपासणाऱ्या कारकुनानं यादी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"मुली दोन. हे साहित्य कुठंय?"

जयवंतानं हात वर केला.

डोंगरावरच्या त्या गावात पहिल्याच रात्री अकराव्या कलमातल्या उष्ण हवेनं बाबनचे दात वाजले. घोंगड्या कामी आल्या. मिशनच्या ओसरीत खड्डा खणला तेव्हा तिथल्याही म्हाताऱ्यानं येऊन काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण चेहऱ्यावरून भागीरथानं ओळखलं आणि सांगितलं, "कोणी नाही मेलं गा बाबा." महिनाभरात रहाटाभोवती गावातल्या बायका बसू लागल्या. शिकवण्याचं काम ईश्वरदासचं होतं, पण तो बोलत नसे. त्यामुळे शिकवलं ते जयवंतानं. भाषा तिला कुणाहीपेक्षा लवकर आली आणि त्या भाषेतही ती "बाप्पा!" म्हणायची सोडेना. लतिका पहिल्या वर्षी गणितात कशीबशी पास झाली. यमुताईंनी पेपरावर लाल शाईनं लिहून धाडलं, 'हातचे विसरते. लक्ष दे.'

दुसऱ्या वर्षीच्या पेपरांसोबत त्यांची वेगळी चिठ्ठी होती. नाताळासाठी दोघींना फ्रॉक शिवून पाठवायचा विचार आहे, तरी मापं कळवावीत. इथं बोर्डिंगात त्यांच्या वयाच्या मुली आहेत, नाहीतर त्यांच्या मापानं बेतते.

भागीरथानं ती चिठ्ठी लतिकाकडून दोनदा वाचून घेतली. मग दोघींना ओसरीत, उजेडात उभं केलं. मापाची पट्टी नव्हती. तिनं मागावरचं सूत घेतलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ताणून तोडलं. छातीभोवती फिरवून तोडलं. लतिकाच्या सुतांना एकेक गाठ मारली, जयवंताच्या सुतांना दोन-दोन. जयवंता हलत होती, तिला एक चापट दिली आणि पुन्हा मापलं. सुतं कागदात गुंडाळली आणि लतिकाला लिहायला बसवलं.

"लिही. यमुताईले नमस्कार. दुसऱ्याच्या पोरीचं माप घेऊ नका. ही सुतं पोरीच्या अंगावरून उतरवली हाय. एक गाठ लतिकाची, दोन गाठी जयवंताच्या."

लतिकानं लिहिलं. "पुढं?"

"खाली दोन बोटं कापड आत ठेवा. पोरी वाढून राहिल्या." भागीरथानं तिच्याकडे पाहिलं. इथं आली तेव्हा लिहायला बसली की टेबलाला टेकणारी हनुवटी आता टेबलाच्या चांगली वर होती. "आन् लिही, मी पाहून राहिली."